नणंदेकडची कोथिंबीर

धाटावच्या एका कंपनीतल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोह्यात बियाणे बँकेच्या कामाला लागले. बँक म्हणजे एक खोली, लोखंडी कपाट आणि काचेच्या बरण्या. भाताचे, वालाचे जुने वाण होते. गावठी कोथिंबीर मात्र नव्हती.

निडीजवळच्या एका शेतकरीण बाईंनी फडक्यात बांधून मूठभर धणे दिले. "आमची कोथिंबीर बारीक पानाची. बाजारच्या जुडीला असा वास नाय," त्या म्हणाल्या. पण धणे जुने होते. बरीच वर्षं त्यांनी ते पेरलेच नव्हते. मी शंभर धणे हलके रगडून, दोन फाका करून ओल्या फडक्यात ठेवले. पंधरा दिवसांत तीनच कोंब आले.

हे मी बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबा. माझी नणंद हाय धरमतरकडं. लगीन झालं तवा माझ्याकडनंच बी घेऊन गेली. अजून लावते."

आम्ही दोघी एसटीने पेणला आणि तिथून रिक्षाने खाडीकाठी पोचलो. नणंदेचं घर मिठागरात राबणारं. अंगणातली माती खारी, म्हणून तिने फुटक्या पिंपात बाहेरची माती भरून कोथिंबीर लावली होती. बाईंनी पान चुरगळून हुंगलं. "ही आमची नाय गो. केवढी ठेंगणी!"

"तुझीच हाय, वयनी. आमचं पाणी मचूळ, ती तरी काय करंल?"

खरं कोणाचं? मला चैन पडेना. नणंदेकडचे धणे आणून मी रोह्यात त्या तीन रोपांशेजारच्या कुंडीत पेरले. मधमाश्यांनी सरमिसळ करू नये म्हणून दोन्ही कुंड्यांवर वेगळी जाळी घातली आणि फुलं आल्यावर वेगवेगळ्या ब्रशने पराग फिरवत बसले. गोड्या पाण्यावर नणंदेची कोथिंबीरही तेवढीच उंच झाली. तीच बारीक पानं, तोच वास, तीच फिकट जांभळट फुलं. फरक एकच. पेरणीतल्या फरकाचे दिवस वजा करूनही तिला फुलं आठवडाभर उशिरा आली.

खाऱ्या पाण्याने शिकवलं असेल? मी नणंदेला फोन लावला. ती हसली. "आधी तुऱ्यावर येते ती आम्ही उपटून खाऊन टाकतो. मागं राहील तिचंच बी धरायचं."

इतकी वर्षं ती निवड करत आली होती, आणि त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलंही नव्हतं. मी दोन बरण्या भरल्या, फुलं यायला लागलेले दिवस लिहून दोन चिठ्ठ्या लावल्या. निडीच्या बाई बी न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांचीच बरणी पुढे केली. त्यांनी दोन्ही निरखून पाहिल्या.

"मला तिच्याकडचं द्या," त्या म्हणाल्या. "तुऱ्यावर यायच्या आधी आठ दिस जास्त पाला खायला मिळंल."