अश्विनीनं आखलेली अंदमानची सहल

श्रीगोंद्याच्या पेठेत अश्विनीचं मेडिकलचं दुकान आहे. बाई शांत, असं सगळे म्हणतात. तिच्याशी भांडायला आलेला माणूससुद्धा खोकल्याच्या गोळ्या घेऊन गुमान परत जातो. पण या शांत बाईनं एका माणसावर पंधरा वर्षं डूख धरला होता, आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता.

माणूस घरचाच. राधाकृष्ण, तिच्या नवऱ्याचा थोरला चुलत भाऊ. सारी भावकी त्याला आबा म्हणते. सोसायटीचा माजी चेअरमन, पीळ दिलेल्या मिशा, आवाज खणखणीत. लग्नात पंगती उठल्या की माणसं आबांभोवती कोंडाळं करून बसायची, कारण गोष्ट रंगवावी ती आबांनीच. त्यातली सगळ्यांची लाडकी गोष्ट अश्विनीची होती.

अश्विनी राजूरकडची, डोंगरातली. पाऊस उदंड पाहिलेला, पण पोहणं काही शिकली नव्हती. लग्न होऊन चार दिवस झाले असतील, मळ्यातल्या विहिरीवर नारळ फोडायला नव्या जोडप्याला नेलं होतं. विहीर तुडुंब. ती वाकून आत बघते न बघते, तोच आबांनी मागून ढकललं.

"डोंगरातली मासोळी हाय, पवंल की!"

ती खाली गेली. वर आली, परत खाली गेली. नाकातोंडात पाणी, पदर गळ्याला गुंडाळलेला. वर येई तेव्हा एकच ऐकू येई, हसणं. काठावर उभे होते ते सगळे हसत होते, आणि त्यांच्यात सुनीलही होता, तिचा नवा नवरा. शेवटी शेजारच्या उसात खुरपणाऱ्या एका बाईनं धावत येऊन दोर टाकला. सुटलेलं लुगडं कवटाळून अश्विनी काठावर बसली, तेव्हा आबा म्हणाले, "आमच्या विहिरीचं पानी प्याली. आता झाली आमची सून."

त्यानंतर प्रत्येक लग्नात ही गोष्ट झाली. दर वेळी आबा तिच्यात नवी भर घालायचे. ती बेडकासारखे पाय झाडत होती, ती आबांच्याच नावानं टाहो फोडत होती, असं काहीबाही. अश्विनी समोर असली की सगळे वळून तिच्याकडे बघायचे आणि तिला हसावं लागायचं. एकदा ती सुनीलला म्हणाली, "मी मेले असते." तो म्हणाला, "सोड ना आता. आबा थोरले हायेत, चेष्टा केली."

तिनं सोडलं नाही. घाऊक औषधं आणायला ती रविवारी नगरला जायची, तिथं पोहण्याच्या तलावात नाव घातलं. पहिले काही रविवार नुसता काठ धरून रडली. पुढं हात सुटला. मग ती अशी पोहायला लागली की शिकवणारी बाई म्हणाली, "ताई, तुम्ही कुणाच्या मागं लागल्यासारखं का पोहता?" घरी मात्र तिनं याची वाच्यता केली नाही.

आणि एका उन्हाळ्यात, कुरडया घालता घालता, आबांची बायको बनुबाई बोलून गेली. "आमच्या ह्यांचं काय सांगतीस! प्रवरासंगमाला गेलो तरी घाटावर बसून तांब्यानं अंगोळ. गुडघ्याच्या वर पानी चढलं की लटलटा कापतो मानूस. कुठं बोलू नको बाई."

अश्विनीच्या हातातला सोऱ्या थांबला. "न्हाई बोलत, अक्का," ती म्हणाली, आणि तो शब्द तिनं पाळलाही. बोलायची गरजच नव्हती.

भावकीची दर वर्षी सहल निघते. आबांच्या मनात कन्याकुमारी होती. अश्विनीनं भावकीच्या ग्रुपवर अंदमानचा व्हिडिओ टाकला. निळंशार पाणी, पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी फिरणारी माणसं, हाताजवळून जाणारे रंगीत मासे. पोरं वेडी झाली. आबांची लेक स्नेहल तर दिवसभर तेच घेऊन बसली. बाया विचारू लागल्या, पोहता येत नसलं तरी चालतं का? चालतं, अश्विनीनं लिहिलं, एकेकाला धरून नेणारा माणूस असतो. आणि खाली एक ओळ जोडली, "आबा बरोबर असल्यावर भीती कसली? सगळ्यांच्या आधी आबाच उतरतील."

टाळ्यांचा पाऊस पडला. आबांना हलायला जागा उरली नाही. रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "आमी हिरीवर वाढलेली मानसं. समुद्राला काय भ्याचंय?"

अश्विनीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सुखाचे. पुणे ते चेन्नई, चेन्नई ते अंदमान अशी विमानं तिनं ठरवली, बेटावरची बोट ठरवली, कुणाला चष्मा आहे, कुणाला दमा आहे, सगळं विचारून घेतलं. आबांनाही विचारलं. "ठनठनीत हाय मी," ते गुरगुरले. तिकडच्या, पाण्याखाली बुडी मारायला शिकवणाऱ्या माणसाला तिनं फोनवर विचारलं, "माणूस घाबरला तर काय करता?"

"लगेच वर आणतो, मॅडम."

"सगळ्यांसमोर?"

तो हसला. "बोटीवर सगळेच असतात की."

ते उत्तर ती दिवसभर जिभेवर घोळवत राहिली.

पण तिच्या बेताला एक फाटा फुटला. दिवाळी झाल्यावर स्नेहलनं धोशा लावला, आधी नगरच्या तलावात सराव करायचा. गाड्या भरून भावकी निघाली. आबा टाळू शकले नाहीत, लेकीनं हाताला धरून गाडीत बसवलं.

तलावाची उथळ बाजू, पाणी छातीपर्यंत. सगळ्यांच्या अंगात तरंगायची जाकिटं. पोरं उड्या मारत होती, बाया किंचाळत होत्या. आबा शिडीवरून उतरले आणि काठाची दांडी दोन्ही हातांनी आवळून उभे राहिले. मिशा ओल्या होऊन लोंबल्या होत्या. स्नेहल ओरडली, "आबा, सोडा की!" ते नुसते हसल्यासारखं करत राहिले.

अश्विनी पलीकडच्या खोल बाजूनं सरळ पोहत आली. भावकी बघतच राहिली. ती आबांच्या शेजारी थांबली.

"आबा, ढकलू का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "नको गं," ते पुटपुटले. "नको, अश्विनी."

"मला विहिरीत ढकललं ते चुकलं, एवढं म्हणा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

आबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. एवढ्यातही त्यांचा ताठा आडवा आला. "चेष्टा हुती ती."

"मग ही पण चेष्टाच."

तिनं त्यांची बोटं दांडीवरून सोडवली. एक, मग दुसरं, घाई न करता. हात सुटले तसे आबा भेलकांडले, पाय उचलले गेले आणि त्यांनी असा टाहो फोडला की तलावाचा रखवालदार धावत आला. "आई! आई गं! मेलो!"

"काका, उभे राहा! पाय टेकतात!" शिकवणारी बाई ओरडली.

ते उभे राहिले. पाणी छातीला. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि अख्खा तलाव हसायला लागला. अश्विनी हसली नाही. ती आबांचा चेहरा बघत राहिली, पोटभर.

परतताना गाडीत सुनील म्हणाला, "एवढं करायला नको हुतं. म्हातारा मानूस त्यो."

"मी तेव्हा बावीस वर्षांची होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही हसत होता."



आबांचा गुडघा दुखायला लागला आणि जानेवारीत ते घरीच राहिले. बाकी सगळे अंदमानला गेले. बनुबाई आधी बोटीतच बसून राहणार होती, पण स्नेहलनं तिला पाणबुड्याचा काळा पोशाख घालायला लावला. ती वर आली तेव्हा तोंडातली नळी काढून पहिलं काय बोलली असेल तर, "तोंडं उघडून लई वरडत हुते गं मासे, पर ऐकूच येत न्हवतं!" बोटीतले सगळे हसून लोळायचे बाकी राहिले.

आता दोन घरांत बोलणं नाही. आबांनी सुनीलबरोबर निरोप धाडला, अश्विनीनं माफी मागितली तर मागचं विसरू. तिनं परत निरोप दिला, विसरू नका. संक्रांतीचं हळदीकुंकूही दोन्ही घरांत वेगळं झालं. सासू अजून तिच्याशी तुटक वागते, म्हणते, घराची शोभा केली. अश्विनी ऐकून घेते आणि दुकानाला जाते.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की बनुबाई मागच्या दारानं येते. दोघी चहा घेतात. परवा ती म्हणाली, "ते लक्षदीप का काय म्हनत्यात, तिकडं कसं जायचं गं?"

अश्विनीनं मोबाईल पुढं सरकवला आणि तिला नकाशा दाखवायला लागली.