रस्ता सरकला

गोखिवऱ्यात मुख्य रस्त्याला लागून सुमेधा साळवीचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वरकडचं. लग्नानंतर ती इथल्या फ्लॅटमध्ये आली आणि मशीन टाकून बसली. सोसायट्यांमधल्या बायका तिच्याकडे यायच्या, तशा खाडीकाठच्या गावातल्याही. पुतळाबाई म्हात्रे त्यांतलीच. ती रस्त्याकडेला शेतातली भाजी विकायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की सुमेधाच्या पंख्याखाली पाय पसरून बसायची.

याच रस्त्यावरून उन्नत महामार्ग जाणार असल्याचं कळलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. गाड्या वरून जातील, खालची गर्दी कमी होईल, असंच वाटलं. मग सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धेश नकाशा घेऊन आला. पूल नेमका इथेच खाली उतरणार होता. उताराच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं भिंतीपलीकडे.

"म्हणजे समोरच्या शाळेत जायला ऋतिकाने अख्ख्या वस्तीला वळसा घालायचा?" सुमेधाने विचारलं. ऋतिका तिची मुलगी.

"सगळ्यांनीच घालायचा, ताई."

कृती समिती झाली. सुमेधाला भाषण जमायचं नाही, पण माप घेता घेता ती बायकांना पटवायची. तरी मोर्चाच्या दिवशी सोसायट्यांमधून माणसं बेताचीच उतरली. बऱ्याच जणांना रजा मिळाली नव्हती. तेवढ्यात खाडीकडून बायकांचा मोठा घोळका आला. पुढे पुतळाबाई.

"मावशी, तुमच्या गावाला तर काही होत नाहीये. उन्हातान्हात कशाला आलात?" सुमेधाने विचारलं.

"हितं भित आली तर मी भाजी घेऊन बसू कुठं? आनि तू बोलावलंस ना!"

त्या बायकांमुळेच मोर्चा मोठा दिसला. महामार्गाच्या वरच्या कार्यालयाला दखल घ्यावी लागली.

काही महिन्यांनी समितीची बैठक बोलावली, तेव्हा दारातच सुमेधाच्या हातावर पेढा ठेवला गेला. टेबलावर नवा नकाशा होता.

"सुटलो आपण," सिद्धेश म्हणाला. "रस्ता सरकला. फक्त संमतीपत्रावर सह्या हव्यात."

"सरकला कुठे?"

"खाडीच्या बाजूला. तिकडे मोकळंच आहे."

"मोकळं कसं? तिथे पुतळामावशींचं गाव आहे."

सिद्धेशने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "मला कळत नाही असं नाही, ताई. पण माझी आई व्हीलचेअरवर आहे. तिला आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं. आपण नको म्हटलं तर पहिला नकाशा परत येईल. मग या सगळ्यांना मी काय सांगू?"

बाकीच्यांनी सह्या केल्या. सुमेधाने केली नाही. पेढा तसाच टेबलावर ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावात गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुतळाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत.

"गावातल्या बायकांना मोर्च्याला मीच नेलं," ती शेवटी म्हणाली. "आता त्या मला इचारतील."

"मी सही नाही केली, मावशी."

"तू नाय केलीस. पन रस्ता आलाच ना?"

एरवी ती पाण्याचा तांब्या पुढे करायची. त्या दिवशी बससुद्धा म्हणाली नाही.

जनसुनावणीत सुमेधा गावाच्या बाजूने उभी राहिली. भाषण जमत नव्हतं, तरी बोलली. मागून तिच्याच इमारतीतल्या कुणीतरी ओरडलं, "ही नक्की कुणाची?" त्यानंतर सोसायटीतल्या बायका शिवण दुसरीकडे टाकू लागल्या. नवरा जयवंत एवढंच म्हणाला, "तुझं ऐकलं, तर रस्ता पुन्हा आपल्याच दारात येईल." तिलाही ते माहीत होतं.

ऐकलं कुणीच नाही. भातशेतात खांब उभे राहिले. उताराच्या भिंतीने गाव कापलं. घरं एका बाजूला राहिली, शेतं आणि स्मशान दुसऱ्या बाजूला. सुमेधाच्या आणि गावकऱ्यांच्या कार्यालयातल्या खेपांतून हाती लागली ती भिंतीखालून एक भुयारी वाट. मोठ्या भरतीला तिच्यात पाणी शिरतं.

गेल्या पावसाळ्यात पुतळाबाईचे यजमान, शत्रुघ्न म्हात्रे, वारले. तिरडी त्याच वाटेने न्यावी लागली. गुडघाभर गढूळ पाण्यात माणसांचे पाय घसरत होते. मधे एकदा तिरडी कलली आणि बायकांमधून हुंदका फुटला. सुमेधा त्यांच्यातच उभी होती. ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. पुतळाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं होतं, पण नजर पाण्यावर होती. माणसं पलीकडे पोचल्यावर तिने हात सोडला.

तिथे पाणी उपसायचा पंप बसावा म्हणून सुमेधा आता कार्यालयात खेटे घालते. कधी गावातलं कुणी सोबत असतं, बहुतेक वेळा ती एकटीच. सिद्धेश लिफ्टपाशी भेटला की विचारतो, "पंपाचं काही झालं का, ताई?"

"नाही अजून."

मग तो आईची खुर्ची ढकलत दवाखान्याच्या रस्त्याला लागतो.