शालनताईंची फेरी आणि माझ्या चिठ्ठ्या

"म्हणजे आपली नर्स जितक्या जास्त वेळा जाते, तितकी बाळं जास्त दगावतात?" सेक्रेटरीसाहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर टाकला. "मग फेरी चालवायची कशाला? बंद करू."

मिरजेत आमच्या ट्रस्टचं ऑफिस आहे. मी तिथला स्टॅटिस्टिशियन. वडूजच्या आसपासच्या गावांत आमच्या नर्स शालनताई स्कूटीवरून गरोदर बायकांच्या घरी जायच्या. बाळ पहिला महिना जगलं तर एक, नाही तर शून्य, अशी आमची नोंद. एक कशामुळे येतो आणि शून्य कशामुळे, हे शोधायच्या गणिताला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. त्या गणितानंच फेरीचा गळा धरला होता.

"साहेब, यात काहीतरी घोळ आहे. मी जाऊन येतो."

वडूजला ताईंनी आधी चहा दिला, मग माझी खरडपट्टी काढली.

"आवं सर, जिचं त्वांड उतरलंय, जिला धाप लागतीय, तिच्याकडंच चारदा जानार की मी! धडधाकट बाईकडं कशाला जाऊ?"

"ती धाप रजिस्टरमध्ये कुठं लिहिलीय?"

"डोळ्याला दिसतं ते कुठल्या रकान्यात लिवू?"

घोळ तोच होता. ज्या घरी डॉक्टर रोज येतो, त्या घरात आजारी माणूस असणारच. म्हणून डॉक्टरमुळे आजार आला असं होत नाही. धोका आधी, भेट नंतर; आणि धोका नोंदीतच नाही. याला आम्ही एंडोजेनिटी म्हणतो.

यावर इलाज असतो. भेटी कमी-जास्त करणारी, पण बाळाच्या जगण्याशी दुसरा कसलाही संबंध नसलेली एखादी गोष्ट शोधायची. तिला इन्स्ट्रुमेंट म्हणतात. डांबरी रस्त्यापासूनचं अंतर घेऊन पाहिलं. पण लांबच्या बाईला दवाखानाही लांबच पडतो, म्हणजे अंतराचा जगण्याशीही थेट संबंध आला; ते बाद. स्कूटी गॅरेजला गेलेले दिवस घेतले, ते फारच थोडे निघाले. आधी इन्स्ट्रुमेंटवरून भेटींचा अंदाज, मग त्या अंदाजावरून जगण्याचा, ही नेहमीची दोन पायऱ्यांची युक्ती; पण उत्तर एक किंवा शून्य असं असलं की ती तशीच्या तशी चालत नाही. त्यासाठी वेगळी मॉडेल्स आहेत. पण इन्स्ट्रुमेंट त्यांनाही लागतंच. मी हात टेकले.

मग मीच सुचवलं. दुसऱ्या कोणी नाही. पहिली भेट सगळ्यांना, जादा भेटी कोणाला द्यायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सहा महिने. चिठ्ठीला कोणाची धाप दिसत नाही.

"आन् मला धोका दिसला तर?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आग्रहानं मी नियमांच्या मसुद्यात एक ओळ घातली: धोका दिसल्यास नर्सने स्वतःच्या मनाने जावे. मिरजेला परत आल्यावर मी ती खोडली. त्या फटीतून सगळा घोळ परत आत आला असता.

चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"सर, ती कोमल हाय न्हवं, मेंढरंवाल्यांची सून? तिच्या पायावर लय सूज हाय म्हनं. चिठ्ठी न्हाई तिची. जाऊ का?"

"त्यांना सरकारी दवाखान्यात जायला सांगा. आपण चिठ्ठी मोडायची नाही."

"निरोप कवाच धाडलाय. सासू म्हनती, मेंढरं घेऊन मानसं बाहीर गेल्यात, ती आली की नेतो. मी दारात हुबी ऱ्हायले तर आजच नेतील."

"ताई, दोनच महिने राहिलेत."

 त्यांनी फोन ठेवला.

कोमल वाचली. बाळ वाचलं नाही.

सहा महिने झाल्यावर मी मॉडेल चालवलं. इतकं स्वच्छ उत्तर नोकरीत कधी मिळालं नव्हतं. भेटींनी बाळं जगतात. कोमलची ओळ त्यात होतीच: जादा भेट नाही, शून्य. फेरीचा फायदा सिद्ध करायला असल्याच ओळी लागतात. साहेबांनी पाठ थोपटली, फेरी चालू राहिली. 

वडूजला जाऊन मी ताईंना सांगितलं, "संपल्या चिठ्ठ्या. आता पूर्वीसारखं तुमच्या मनानं जा."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"मनाचं नगा सांगू सर. त्या आठवड्यात कोमलच्या दारावरनं दोनदा गेले मी. गाडी थांबवली न्हाई. आता कुनाकडं जायाचं ते तुमीच लिवून द्या."

मी खूप समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी यादी लिहून दिली. दर महिन्याला पाठवतो, त्या यादीप्रमाणं जातात, एक घर कमी नाही, एक जास्त नाही.

ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: धोका दिसला तर जा, ही ओळ खोडू नका. उत्तर थोडं अंधूक येईल, येऊ द्या. मसुद्याचा तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ओळीवर एकच रेघ मारली होती, खालची अक्षरं अजून वाचता येतात.