पलंग माझा, फरशी तुमची

आमच्या मोठ्या सिस्टरांकडे देशांच्या सीमा आखायचं काम दिलं असतं, तर जगात एकही लढाई झाली नसती. त्यांनी आखलेली रेघ ओलांडायची कुणाची छातीच झाली नसती. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या दिवशीच त्यांनी मला हद्द समजावून दिली. "पलंग माझा, फरशी तुमची." म्हणजे पेशंट पलंगावर असेपर्यंत नर्सिंगचा, पाय फरशीला टेकले की माझा. मी कुणाचा गुडघा वाकवायला घेतला की त्या पलीकडून चादरीच्या सुरकुत्या काढत उभ्या राहायच्या, आणि नातेवाइकांना माझी ओळख "या मालिशवाल्या बाई" अशी करून द्यायच्या. एका आजींनी त्यामुळे मला उद्या येताना खोबरेल तेल आणायला सांगितलं होतं. मी आणलं असतं तरी ते सिस्टरांच्या कपाटात कुलूपबंद झालं असतं, कारण पाठीला तेल लावणं हे नर्सिंग.

खरी पंचाईत झाली ती बेलपाड्याच्या मिठागरवाल्या काकांची. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मी त्यांना पलंगाच्या काठावर बसवलं, तर पाय लोंबकळत राहिले, धड पलंगावर नाहीत की फरशीवर नाहीत. त्यावरून आम्हा दोघींची चांगली पाऊण तास हुज्जत चालली. शेवटी काकाच म्हणाले, "मी कोनाचा हाय त्ये ठरवा बाय. माना पोरीच्या हलदीला उबा रायचा हाय."

पुढे काका माझ्या अंदाजापेक्षा फारच लवकर सुधारायला लागले. मी आपल्या हातगुणावर खूश होते, तोवर परीट तक्रार घेऊन आला, की एकाच पलंगाच्या दिवसाला सहा चादरी कशा निघतात? दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच गेले. काका पलंगाला धरून थरथरत उभे, आणि सिस्टर मागून कंबरेला आधार देऊन, अगदी मी शिकवलेल्या पद्धतीने, आकडे मोजतायत. मला पाहून त्या जराही गडबडल्या नाहीत. "मी त्यांना उभं केलेलं नाही. चादर बदलायची होती, ते मध्ये येत होते." काका असे दिवसातून सहा वेळा मध्ये येत होते.

हळदीला काका उभे राहिले. मांडवाच्या खांबाला टेकून डाव्या हाताने त्यांनी मुलीच्या गालाला हळद लावली. आमंत्रण एकट्या मला होतं, कारण उभं करण्याचं काम फिजिओबाईंचं, आपलं नाही, असं सिस्टरांनीच घरच्यांना बजावून ठेवलं होतं. मी गेले, झकास जेवले, कौतुक करून घेतलं. त्यांना सोबत न्यावं हे मला सुचलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती वेळ उभे होते?" मी म्हटलं, "चांगली दहा मिनिटं." "पाऊल आत वळत नव्हतं ना?" "नाही." मग त्यांनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि ऐकून होईपर्यंत हातातला थर्मामीटर नुसता झटकत राहिल्या. सोबत न नेल्याबद्दल त्या मला कधीच रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.