कोपराची उंची

"आब्बा, पावडर मोजायला काटा कुठला घेऊ?"

रविवारची सकाळ होती. इथं आखातात आमचा चहा व्हायचा होता आणि तिकडे मुलीची संध्याकाळ झाली होती. मी विचारलं, "कसली पावडर?"

"बंदुकीची."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. टीव्ही लावून सोफ्यावर आडवा पडलेला मुलगा उठून बसला. तो दुसऱ्या शहरात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला आहे, सुट्टीला आमच्याकडे येतो. "आब्बा, स्पीकरवर टाका. आय वॉन्ट टू हिअर धिस."

मुलगी न्यूझीलंडला नर्स आहे. वर्षभरापासून तिथल्या एका क्लबात जाऊन ती रायफलनं कागदी निशाण्यावर नेम धरते, हे आम्हाला ठाऊक होतं. आता तिला काडतुसं घरीच भरायची होती. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, साच्यातून काढून परत मापावर आणायची, ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून पावडर घालायची आणि वर गोळी. तिकडे लायसन असलेली माणसं हे करतात म्हणे. माझा मात्र जीव खालीवर. इथं सामानात एक रिकामी पुंगळी सापडली तरी माणूस विमानतळावर अडकतो. मी दोनदा विचारलं, "लायसन आहे ना? कायद्यात बसतं ना?"

"सगळं बसतं. तुम्ही फक्त काट्याचं सांगा."

काट्याचं मी सांगू शकतो. पंचवीसएक वर्षं इथल्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत तेच करतोय. बेकरीचे, सोनाराचे, केमिकलच्या गोदामाचे वजनकाटे तपासायचे, बरोबर करायचे, वर स्टिकर लावायचा. माणसांत मी कमी बोलतो, पण काट्यावर विचारलं की थांबत नाही. तिनं काहीतरी विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती, ते घरात कुणाला माहीत नव्हतं. ईदला फोन यायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "हो." खलास.

म्हणून मग माझी चूक झाली ती लगेच झाली. मी म्हटलं, "तू काही घेऊ नकोस. मी इथून सगळं पाठवतो. चांगल्यातला काटा, कॅलिपर, सगळं एका कार्टनमध्ये बांधून..."

तिनं मला मधेच तोडलं.

"आब्बा, कार्टन नको," ती म्हणाली. "निवडायला माझ्याबरोबर बसा."

कार्टनचं सांगायला हवं. मुलगी पाचवीत जायच्या वर्षी आम्ही तिला श्रीवर्धनच्या बाजूला, माझ्या बहिणीकडे ठेवलं. बारावी होईपर्यंत ती तिथंच राहिली. गावाकडे जाणारा कुणी मिळाला की मी कार्टन बांधायचो. दूध पावडर, टँग, साबण, टॉर्च, तिचे बूट. बुटांसाठी बहीण तिचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद येणाऱ्याबरोबर इकडे पाठवायची. तो कागद घेऊन मी दुकानात उभा राहायचो. बूट पोचेपर्यंत पाय वाढेल म्हणून एक नंबर मोठा घ्यायचो. दिवसभर मिलिग्रॅमचा फरक पकडणारा माणूस मी, आणि मुलीचा पाय अंदाजानं.

तर आम्ही निवडायला बसलो. तिनं व्हिडिओ लावून फोन टेबलावर उभा केला आणि दुकानाची वेबसाइट शेअर केली. नवशिक्यांसाठी एक तयार किट होतं, सगळं एकाच खोक्यात. "सहाशे डॉलर, इथले," ती म्हणाली.

"म्हणजे तेराशे दिरहम. म्हणजे तीस हजार रुपये!"

"झालं, रुपयांत आले," मुलगा सोफ्यावरून म्हणाला. तिकडे तीही हसली. बहीणभाऊ एकदम हसलेले मी फार ऐकलेले नाहीत.

खोक्यातल्या प्रत्येक वस्तूवर चर्चा झाली. प्रेस, म्हणजे दांडा ओढून पुंगळी साच्यात दाबायचं यंत्र, साधा घ्यायचा की भराभर काडतुसं काढणारा? मी म्हटलं, "साधा. एका ओढीला एकच काम. चुकलं तर कुठं चुकलं ते दिसतं." तिला ते पटलं. साचे तिच्या रायफलच्या मापाचे, त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. पुंगळ्या चमकवायचं मशीन मी काढून टाकलं, सुरुवातीला कोमट पाण्यात धुतल्या तरी चालतील. काडतुसाची लांबी मोजायला कॅलिपर हवाच. आणि सगळ्यांच्या आधी, मापं छापलेलं पुस्तक. त्यातला आकडा सोडून एक कणही इकडेतिकडे नाही, हे मी तिच्याकडून वदवून घेतलं.

किटमधला बॅटरीवरचा काटा मी नापास केला. "हा थंडीत एक सांगेल, उन्हात एक. प्लगवरचा घे. लावल्यावर अर्धा तास तसाच राहू दे. सोबत काटा तपासायचं वजन घे, दरवेळी आधी ते ठेवून बघ. एसीच्या वाऱ्यात ठेवू नकोस. शेजारी फोन नको."

"ग्रेनमध्ये मोजतात हे," ती म्हणाली.

ग्रेन मी कधी वापरला नव्हता. हिशेब केला, साधारण अर्धी गुंज. "सोनाराचं काम आहे हे!" मी म्हटलं. "तुला याचा नाद लागला कुठून?"

"फुफांकडून. आणखी कुठून?"

माझ्या मेव्हण्याकडे, त्याच बहिणीच्या नवऱ्याकडे, शेतीच्या राखणीची, परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं उतरायची. "पडवीत बसून तांब्याच्या मापानं बंदुकीची दारू मोजायचे," ती सांगत होती. "तेव्हा कुणी बोलायचं नाही. फुफूनं चहा आणला तरी मानेनंच सांगायचे, ठेव तिथं. मी समोरच बसलेली असायची. फक्त बघायचं."

मी मान हलवली. मेव्हणा आता नाही. तो गेला तेव्हा ती न्यूझीलंडहून आली होती. माझ्या ऑपरेशनला आली नव्हती. मी तेव्हा म्हटलं होतं, रजा मिळाली नसेल.

शेवटी टेबल राहिलं. प्रेस टेबलाला बोल्टनं पक्का करावा लागतो, आणि टेबल चुकीच्या उंचीचं असलं की दांडा ओढताना कंबर वाकते. तिच्या शेजारचा सुतार ते करून देणार होता. मी म्हटलं, "उभ्यानं काम करणार ना? मग कोपराच्या उंचीवरून काढू. तुझं कोपर जमिनीपासून किती?"

"तुम्हीच सांगा अंदाजे."

मी डोळ्यांसमोर तिला उभी केली आणि म्हटलं, "पंच्याऐंशी सेंटिमीटर?"

ती हसली. मग हसू थांबलं. "आब्बा, ती मी पाचवीतली."

स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायको म्हणाली, "अहो, ती तुमच्या खांद्याच्या वर लागते." मला खरंच माहीत नव्हतं. तिच्याशेजारी कधी तसा उभा राहिलो असेन तर आठवत नाही.

"थांबा," मुलगी म्हणाली. तिनं फोन खुर्चीवर टेकवला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टेपचं टोक टाचेखाली दाबलं आणि कोपर वाकवलं. "वाचा तुम्हीच. मला दिसत नाही."

मी चष्मा लावून स्क्रीनजवळ गेलो. "एकशे चार."

आणि मग, ती तशीच टेप धरून उभी असताना, मी बोललो. का तेव्हाच, ते मला सांगता यायचं नाही. "बेटा, तुला फुफूकडे ठेवलं ते तिकडची शाळा चांगली म्हणून नाही. कंपनी एकाच मुलाची फी देत होती. मी तुझ्या भावाचं नाव दिलं. तो मुलगा म्हणून दिलं. आणि एकच वर्ष म्हणालो होतो ना, तेव्हाही मला ठाऊक होतं, वर्षाची गोष्ट नाही."

मुलानं टीव्हीचा आवाज बंद केला. "आय डिडन्ट नो," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

"टेप सोडू का?" तिनं विचारलं.

"सोड."

ती खाली बसली, त्यामुळे स्क्रीनवर तिचा चेहरा आला. "वर्गातल्या पोरी विचारायच्या, तुझं काय चुकलं म्हणून तुला इथं ठेवलं? मी कितीतरी दिवस शोधत होते काय चुकलं ते. बुटांत कापूस घालून शाळेत जायचे आणि शोधायचे."

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"आता कळलं." तिनं टेप गुंडाळायला घेतली. "राग आहे, आब्बा. तो आज जायचा नाही. पण सामान आलं की फोन करीन."

इन्शाल्ला म्हणायचंही मला धाडस झालं नाही.

नंतरचे काही रविवार फोन आला नाही. मी दर रविवारी चहा घेऊन टेबलाशी बसायचो. मग एका रविवारी फोन वाजला. टेबल तयार होतं, प्रेस घट्ट बसवलेला, काटा अर्धा तास आधी लावून ठेवलेला. तिनं तपासायचं वजन ठेवून मला आकडा दाखवला. बरोबर होता.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली. "पण बसा."

"फोन काट्यापासून लांब ठेव."

"माहीत आहे."

तिनं मला उचलून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती, आणि उजवा हात. ती दांडा ओढायची तेव्हा कंबर वाकत नव्हती. बायकोनं माझ्यासमोर चहा आणला. मी मानेनंच सांगितलं, ठेव तिथं.