हप्त्याने घेतलेला कीपर

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ निघते सरळ आणि कडेला जाईपर्यंत वर चढते. ऱ्हस्व कुठे द्यायचा, दीर्घ कुठे, हे मला कधी नीट कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग केळीच्या बागेत कामाला जायला लागले. जिथे चुकलं असेल तिथे अंदाजाने वाचावं. वाचणारं तसं कोणी नाहीच, मी माझ्यासाठीच लिहिते आहे. पण चुकांची माफी आधी मागितली की हात जरा मोकळा चालतो.

मला क्रिकेटवाल्यांची कार्डं जमवायचा नाद होता. लहानपणी नव्हे, लग्न झाल्यावर. तेव्हा च्युइंगमच्या पाकिटात एकेका खेळाडूचं कार्ड निघायचं. पुढे रंगीत फोटो, मागे इंग्रजीत काहीतरी आणि एक नंबर. आम्ही जळगावात मेहरूणच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. घरात सासूबाई, मी आणि हे. हे दालमिलमध्ये कामाला होते. एकदा पगाराच्या दिवशी यांनी माझ्यासाठी च्युइंगम आणलं. गजरा आणला असता तर सासूबाईंना दिसला असता, च्युइंगम खिशात राहतं. मी ते खाल्लं, आणि कार्ड हातात राहिलं. पांढऱ्या कपड्यातला एक मिशीवाला बॅटीवर टेकून उभा होता. फोटो काढणाऱ्याने बराच वेळ उभं केल्यामुळे कंटाळल्यासारखा. मला हसू आलं आणि मी तो लग्नातल्या साडीच्या खोक्यात ठेवला. त्याला सोबत हवी म्हणून पुढच्या पगाराला आणखी एक मागितलं. तिथून सुरू झालं.

क्रिकेट मला कळत नव्हतं. गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि तिथे दारात उभं राहायचीही मला लाज वाटायची. मी आपली चेहऱ्यावरून ओळखायची. एक दात पडलेला, एक टोपी तिरकी घालणारा, एक आमच्या यावलच्या मामांसारखा तंतोतंत. नंबर मात्र वाचता यायचे. दुपारी सासूबाई झोपल्या की मी सगळी कार्डं सतरंजीवर नंबराने मांडायची. जो नंबर नसेल तिथे जागा रिकामी सोडायची. कार्डांना च्युइंगमचा गोड वास यायचा आणि बोटांना पिठासारखं पांढरं लागायचं. तो वास आला की मला अजून बरं वाटतं.

दुकानात जाणं मात्र जिवावर यायचं. मी पैसे पुढे ठेवून बरणीकडे बोट दाखवायची. दुकानदार एक दिवस म्हणाला, "वहिनी, पोरं किती तुम्हाला?" मला तेव्हा एकही मूल नव्हतं. मी तशीच निघून आले आणि पुढचा महिनाभर वरच्या चौकातल्या दुकानातून घेतलं.

माझी थोरली बहीण धुळ्याला दिलेली. तिला मी अक्का म्हणते. ती माझ्या अगदी उलट. ती बोलायला लागली की कावळेसुद्धा गप्प बसतात असं आमचे आबा म्हणायचे. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी होतात. पुरुष ओट्यावर पत्ते खेळत बसतात आणि त्या एका दिवशी त्यांना कोणी रागावत नाही. एका अखाजीला मी लाजत लाजत अक्काला माझं खोकं दाखवलं. ती उठून आत गेली आणि तिची पिशवी घेऊन आली. पिशवीत तिचीही कार्डं! तिच्या दोन पोरांना च्युइंगम आणि तिला कार्ड, असा तिच्याकडे नियम होता. आम्ही दोघी इतक्या हसलो की आई चूल सोडून बघायला आली.

तेव्हापासून दर अखाजीला बाहेर पुरुषांचे पत्ते आणि आत कोठीच्या खोलीत आमची बदलाबदल. धुळ्याला येणारी कार्डं वेगळी निघायची, जळगावला वेगळी. त्यामुळे दोघींचं भरत गेलं. अशी चार वर्षं झाली आणि माझ्या सतरंजीवर एकच जागा रिकामी राहिली. सदतीस नंबर.

त्या वर्षी अक्काने पिशवीतून तो काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. परदेशातला कुठला तरी विकेटकीपर होता. झेल घ्यायला त्याने आडवी उडी मारलेली, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. एवढा मोठा बाप्या हवेत निजल्यासारखा, आणि तोंडावर लहान पोराचा आनंद. 

"अक्का, हा मला दे."

"दे म्हणजे? फुकट?"

"माझ्यातले कोणतेही घे."

"तुझ्यातले बठ्ठे माझ्याकडे शेत."

"बाई, तू आता पुरती धुळ्याची झालीस. सगळ्यांना बठ्ठे, आहेतला शेत!"

"मग? पाणी तिथलं पिते. पंचवीस रुपये पडतील."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती कार्डाने वारा घेत बसली. मी म्हटलं, "एवढ्यात तर अख्खी बरणी येईल." ती म्हणाली, "मग घे बरणी. निघाला त्यात तर मला कळव."

मी रडकुंडीला आले. तेव्हा तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "उधार घेऊन जा. पाच-पाच रुपयांचे पाच हप्ते. पण मनिऑर्डर चालणार नाही, कोणाच्या हाती पाठवलेलं चालणार नाही. तू स्वतः धुळ्याला आणून द्यायचे. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्या वेळी तिने चंद्र मागितला असता तरी मी कबूल म्हटलं असतं.

जळगावला परत आल्यावर मी सगळी कार्डं मांडली आणि रिकाम्या जागी कीपर ठेवला. पूर्ण! मी एकटीच हसत बसले होते आणि सासूबाई कधी उठल्या ते कळलंच नाही.

"काय वं हे? हा माणूस पडला का?"

"नाही आई, झेल घेतोय."

"अन् तू हसते कशाची?"

मला खोटं बोलता येत नाही, खरं बोलतानाच जीभ अडखळते. मी सगळं सांगितलं. पंचवीस रुपये त्यांनी ऐकून घेतले. उधार म्हटल्यावर मात्र मटकन खाली बसल्या.

"अखाजीला? उधार? लोक त्या दिवशी सोनं घेतात, का, तर वाढावं म्हणून. अन् तू देणं घेऊन आली? तेही सोयऱ्यांचं! उद्या धुळेवाले म्हणतील, जळगाववाल्यांनी पंचवीस रुपये ठेवले आमचे."

मी मान खाली घालून बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी एकदाही अक्काच्या घरी गेले नव्हते. विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, सण नाही, वार नाही, कशाला जायचं? आणि आता त्याच सासूबाई म्हणाल्या, "जाय. या महिन्यातच पहिला हप्ता देऊन ये. रात्र राहा एक, उगीच देऊन पळाल्यासारखं नको वाटायला."

मी एकटीने एसटीत कधी बसले नव्हते. कंडक्टर जवळ आला आणि माझ्या तोंडून धुळे काही निघेना. तो पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला. एरंडोल आलं तरी माझ्याकडे तिकीट नाही. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "अहो मास्तर, या पोरीला बोलता येत नसेल, खुणेने तरी विचारा." मी एकदम ओरडले, "धुळे!" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

अक्काचं घर पांझरा नदीच्या अलीकडे एका बोळात होतं. तिच्या सासूबाई ओट्यावर बसलेल्या. मला बघून शेजारी जागा करत म्हणाल्या, "बठ माय, इतली लांबून उनी, बठ पहिले." मी घाईघाईने पाचाची नोट काढली. अक्काने ती घेतली, कपाळाला लावली आणि ब्लाउजमध्ये ठेवली, सावकारासारखी. मग आम्ही दोघी तिच्या पोरांना घेऊन च्युइंगम आणायला गेलो. संध्याकाळी ओट्यावर सगळी मिळून पाकिटं फोडली. अक्काच्या सासूबाईंना एकही दात नव्हता, तरी त्या च्युइंगम चघळत होत्या. "हाई काय शे, सरतच नही!" म्हणाल्या आणि काढून ओट्याच्या खांबाला चिकटवून ठेवलं, उद्यासाठी. मी आयुष्यात परक्या घरी एवढं हसले नव्हते.

दुसऱ्या वेळी सासूबाईंनी उरलेले वीसचे वीस दिले. म्हणाल्या, एकदाच सोक्षमोक्ष कर. अक्काने पाच ठेवले आणि पंधरा परत केले.

"हप्ता ठरला आहे ना? मग हप्ताच."

मी म्हटलं, "अक्का, सासूबाई रागावतील. घे ना सगळे."

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि डोक्यात टपली मारली. "वेडे, मला पंचवीस रुपयांची काय कमी आहे? कार्ड फुकट दिलं असतं तर तू पुढच्या अखाजीपर्यंत दिसली असतीस का? बहिणीला भेटायला जाते म्हणून सून कोणी पाठवत नाही. देणं द्यायला पाठवतात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसले आणि मनात हिशेब केला, आता तीनच वेळा यायला मिळणार. एकदम वाटलं, हिने पन्नास का नाही सांगितले.

पुढचे दोन हप्ते मी जमेल तेवढे लांबवले. एकदा पावसाचं कारण, एकदा यांच्या तापाचं. अक्का तिकडून निरोप पाठवायची, हप्ता थकला आहे. निरोप आला की सासूबाई स्वतः पिशवी भरायला घ्यायच्या. कारण सोयऱ्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? केळी जायची, थंडी पडल्यावर भरिताची वांगी जायची. तिकडून अक्काच्या सासूबाई मिरच्या आणि शेंगा बांधून द्यायच्या. मग त्याची परतफेड म्हणून इकडून पापड. येण्याजाण्याचं भाडं तर हप्त्याच्या कितीतरी पट. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "बघ, म्हटलं नव्हतं? अखाजीचं आहे, वाढतंच चाललं." पण पापड मोजताना दोन जास्तच घालायच्या.

मीही आता धीट झाले होते. कंडक्टरने सुटे परत दिले नाहीत तर मागून घ्यायची. एकदा पारोळ्याला गाडी बंद पडली, तेव्हा समोरच्या सीटवरच्या दोन बायांना मी कार्डं दाखवली. दुसरी गाडी येईपर्यंत त्या भांडत होत्या, यांतला जावई म्हणून कोण चांगला.

चार हप्ते झाले. शेवटच्याला जायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते." त्या आल्या म्हणजे पैसे देणार, उठणार, आणि माझं धुळं कायमचं बंद. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या मात्र खुशीत होत्या. नव्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत एरंडोल, पारोळा, सगळं विचारत होत्या.

धुळ्याला दोघी सासूबाईंची ओट्यावर अशी गट्टी जमली की आम्हाला कोणी विचारेना. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "भरीत कसं झालं होतं?" त्या म्हणाल्या, "झकास! पण वांगं शेवटलं उनं, ते थोडं कडू व्हतं." माझ्या सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि बाजारवाल्या माळ्याला तिथे बसूनच शिव्या दिल्या. जेवणं झाल्यावर अक्काने तिची आणि मी बरोबर आणलेली कार्डं मांडली. सासूबाई जवळ सरकल्या. त्यांनी एकेक उचलून लांब धरून पाहिलं आणि माझ्या कीपरवर बोट ठेवलं. "याच्यासाठी एवढं झालं होय? बरा आहे दिसायला. फक्त पडतो की काय असं वाटतं सारखं." अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "पडस नही माय, मी दर खेपले देखस, तसाच राहस."

दुपार कलली. निघायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी कनवटीतून पाचाची नोट काढली आणि अक्कापुढे धरली. अक्का घेईना. पदराशी चाळा करत म्हणाली, "राहू द्या ना मावशी. एवढ्याशासाठी काय घाई? पुढच्या वेळी देईल ती."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना किती दिवसांपासून कळलं होतं कोण जाणे.

"घे वं पोरी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे देणं आहे तोवर मी या ओट्यावर देणेकरी म्हणून बसते. चहा घशाखाली उतरत नाही. हे फिटलं म्हणजे मले पाहुणी म्हणून येता येईल. अन् मी आली म्हणजे ही येणारच, मले एसटीत एकटीला कुठं कळतं?"

अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतले या मंग, दोन्ही जनी."

"संक्रांतीला येतो," सासूबाई म्हणाल्या, आणि नोट अजून पुढे केली.

अक्काने डोळे पुसले, नाक पुसलं, हात पुढे केला आणि शेवटचे पाच रुपये घेतले.