बिबड्यांचा पहिला नंबर

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. सध्या माझ्या डोक्यावर जागा नाही. तिथे बिबड्यांचं खापर अजून ताजं आहे!

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून सीमा राहते. तिच्या हातचे बिबडे तुम्ही खाल्ले नसतील तर तुमचं आयुष्य अर्धं आहे. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गच्चीवर पातळ थापून वाळवायचा. तळला की असा फुलतो म्हणता! वास आला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे जाते. वास नाही आला, तरी जाते.

तर या सीमाने मागच्या खोलीत बिबड्यांचा धंदा मांडला आणि चक्क स्वतःची वेबसाइट काढली! घरचा विरोध एकच, पण भारी. तिच्या सासूबाई. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. धुळ्याकडच्या, बोलणं तिखट.

“आखाजीलोंग देखसू,” अक्कांनी बजावलं. “नही चालनं, ते खोली भाडावर दी देसू!”

आखाजीपर्यंतचीच मुदत, आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आलेली. सीमाचा चेहरा एवढासा झाला. मग शेजारधर्म कशाला म्हणतात हो? मी पदर खोचला.

पहिलं काम काय केलं, तर फोनमध्ये ‘सीमाचे बिबडे पिंप्राळा’ टाकलं. आणि काय आश्चर्य! सगळ्यात वर, पहिलं नाव आपलंच! मी भाजीवाल्याला दाखवलं, रिक्षावाल्याला दाखवलं, धुळ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला.

“मंगल, आपली सीमा जगात पहिली आली!”

संध्याकाळी मंगलचा उलटा फोन. “ताई, मी ‘ज्वारीचे पापड’ टाकून बघितलं. खाली सरकवून सरकवून अंगठा दुखला. कुठकुठले पापडवाले सापडले, तुझी सीमा काही सापडली नाही.”

“तुझा फोनच धुळ्याचा! जळगावचं चांगलं झालेलं बघवतं का तुम्हाला?”

फोन ठेवला आणि गुपचूप स्वतःच्या फोनवर तेच टाकलं. सीमा खरंच कुठे नव्हती! मी तशीच तिच्याकडे.

सीमा हसली. “काकू, आपलंच नाव टाकल्यावर आपण पहिले येणारच. दुसरं कोण येणार? पण पुण्याच्या बाईला माझं नाव कुठे माहीत? ती ‘ज्वारीचे पापड’ शोधते. त्या रांगेत मोठमोठी दुकानं कधीची उभी आहेत. आणि माझ्या साइटवर सगळीकडे ‘बिबडे’च लिहिलेलं. पापड हा शब्द मी परवा घातला.”

“म्हणजे साइट एकच, पण एका शब्दाला पहिली आणि दुसऱ्या शब्दाला हरवलेली?”

“अगदी तस्संच.”

मला लगेच उमगलं बरं का! बोदवडला, माझ्या माहेरी उतरून ‘बापूंची थोरली’ विचारा, लोक हाताला धरून दारात आणून सोडतील. पिंप्राळ्यात ‘शोभाकाकू’ विचारा, लहान पोर घर दाखवेल. पण जळगाव स्टेशनवर उभं राहून ‘साडी नेसलेली बाई’ विचारलंत, तर मी कितवी येणार? बाई तीच हो, विचारणं वेगळं!

हे ऐकून सीमा म्हणाली, “काकू, तुम्ही क्लास काढा!” झालं! माझी छाती अशी फुगली, की पुढचा घोटाळा अटळच होता.

मी विचार केला, पाय पडत राहिले की पायवाट होते, तशी साइटही कोणी उघडत राहिलं की वर चढेल. मग आमचं भजनी मंडळ काय फक्त टाळ कुटायला आहे? रोज दुपारी भजन संपलं की मी हुकूम सोडायची, “काढा गं फोन! ‘ज्वारीचे पापड’ टाका, सीमा सापडेपर्यंत खाली जा आणि उघडा!” तिकडे धुळ्यात मंगलने तिचं मंडळ कामाला लावलं. सीमाला मात्र कोणी एक अक्षर सांगायचं नाही. गुप्तदान!

काही दिवसांनी सीमा नाचतच माझ्याकडे आली.

“काकू, चमत्कार! साइटवर किती लोक आले ते मला दिसतं ना, तो आकडा एकदम चढलाय! जळगाव, धुळे, दोन्हीकडून रोज माणसं! मागणी येणार बघा. मी माल दुपटी-तिपटीने करते.”

तिथेच माझी जीभ का टाळ्याला चिकटली, देव जाणे! मला वाटलं, मंडळाचा गुण आला.

मग काय! पोतीच्या पोती ज्वारी भिजली. सीमाची गच्ची भरली, माझी भरली, पलीकडच्यांची भरली. अक्कासुद्धा उन्हात बसून थापू लागल्या. अख्ख्या कॉलनीत लसणाचा घमघमाट. आणि ऑर्डर? एक नाही!

“असं कसं काकू?” सीमा रडवेली झाली. “माणसं रोज येतात. तेही दुपारी, सगळी एकदम. बघतात आणि जातात. घेत कोणीच नाही.”

आता सांगायची वेळ आली म्हणून मी मोठ्या अभिमानाने सांगून टाकलं, “अगं, घेतील कशी? त्या आमच्या भजनी मंडळाच्या बायका! सगळ्यांच्या घरी बिबडे आहेतच की!”

गच्चीवर अशी शांतता पसरली, की बिबडे वाळल्याचा आवाज ऐकू यावा.

अक्कांनी हात झटकले. “ओ माय! बठ्ठं भजनी मंडळच शे का? आते इतला बिबडा कोन खाई, तुना पांडुरंग?”

सीमा खाली गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी घरी येऊन न जेवता झोपले. आमचे हे म्हणाले, “ही न जेवता? डॉक्टर बोलावू का?”

त्यानंतर मी तिच्याकडे जायचं ठरवूनच टाळलं. फक्त सकाळी आणि संध्याकाळी जायची.

आणि मग ऑर्डरी सुरू झाल्या! पुणे, नाशिक, नागपूर! खोक्यांवर खोकी! आखाजीच्या आधी गच्च्या मोकळ्या झाल्या. अक्का स्वतः चिकटपट्टी लावत म्हणाल्या, “खोली भाडावर देवानी नही. हाई कारखाना शे!” सीमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं हो, खोटं कशाला बोलू?

“बघ,” मी म्हणाले, “शेवटी ‘ज्वारीचे पापड’ला पहिली आलीस ना?”

“नाही काकू. त्याला अजून फार मागे आहे. लोक दुसरंच काहीतरी शोधत येतात.” ती चुळबुळली. “मी तो घोटाळा जसा घडला तसा साइटवर लिहिला. लोक वाचतात, हसतात आणि बिबडे मागवतात. लोक जे टाकून शोधतात, त्या एका वाक्याला आपण पहिले आहोत.”

“कोणत्या गं?”

तिने फोन पुढे केला. वर शोधायच्या जागी लिहिलं होतं, ‘शेजारीण सारखी घरात येते, काय करावे?’ आणि खाली पहिल्या नंबरावर ठळक अक्षरात, ‘आमच्या शोभाकाकू’!

तुम्हाला वाटेल, मी चिडले असेन. छे! पहिला नंबर म्हणजे काय गंमत आहे? मी तिथल्या तिथे चपला चढवल्या आणि ही आनंदाची बातमी सांगायला कॉलनीतल्या एकूण एक घरात जाऊन आले.